भंगार कमी झाले, पण ऑर्डर रखडल्या: कटिंग आणि वेळापत्रक एकत्र कसे बसवायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा मीटरचे बार कापून वेगवेगळ्या लांबीचे तुकडे करायचे असतात. आधी हे काम एक्सेलमध्ये अंदाजाने व्हायचे. मग एका सहकाऱ्याने जेनेटिक अल्गोरिदम (योजनांमध्ये सतत फेरबदल करून चांगल्या तेवढ्या पुढे नेणारी शोधपद्धत) लिहिला आणि भंगार बरेच उतरले. पण तेव्हापासून ऑर्डर वेळेवर निघेनाशा झाल्या आहेत आणि मशीनवरची माणसे नवी योजना पाळायला तयार नाहीत. यापेक्षा चांगला अल्गोरिदम कोणता, असे विचारले आहे.

कटिंग आणि शेड्युलिंगच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि हीच तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. तुम्ही प्रोग्रॅमला फक्त भंगाराबद्दल विचारलेत, म्हणून त्याने फक्त भंगाराचे उत्तर दिले. सर्वांत कमी भंगाराची योजना एकच असते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तशा योजना पुष्कळ असतात. त्यातली कोणती घ्यायची हे डिलिव्हरीच्या तारखा, मशीनची सेटिंग आणि शॉपवरची, म्हणजे कारखान्यात मशीनभोवतीची, जागा यांनी ठरवायला हवे. एक लहान उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर सगळे आकडे पडताळता येतील.

बार 6000 मिमीचा, करवतीचा काप (प्रत्येक कापात भुशात जाणारी लांबी) 4 मिमी. तुकडे तीन प्रकारचे: मोठा 2350 मिमी (40 नग), मधला 1780 मिमी (60 नग), लहान 1150 मिमी (80 नग). कापाचा हिशेब सोपा करायची जुनी युक्ती म्हणजे प्रत्येक तुकड्यात 4 मिमी मिळवायचे आणि बारमध्येही 4 मिमी मिळवायचे. मग बार 6004 चा आणि तुकडे 2354, 1784 व 1154 चे होतात. बारमध्ये 4 का मिळवायचे? तुकडे बरोबर शेवटपर्यंत बसले तर शेवटचा काप मारावाच लागत नाही, म्हणून.

आता एका बारमधून काय काय निघू शकते ते पाहू. आणखी एकही तुकडा बसणार नाही असे भरलेले पॅटर्न फक्त आठ आहेत. एक मोठा आणि दोन मधले घेतले तर शेवटचा कापही धरून 6000 पैकी 78 मिमी उरतात. दोन मधले-दोन लहान घेतले तर 124, दोन मोठे-एक लहान घेतले तर 138, एक मोठा-तीन लहान घेतले तर 184 आणि पाच लहान घेतले तर 230. उरलेले तीन पॅटर्न (तीन मधले, प्रत्येकी एक, एक मधला-तीन लहान) प्रत्येक बारमागे जवळपास साडेसहाशे मिमी किंवा त्याहून जास्त वाया घालवतात.

सगळ्यात भाबडी पद्धत म्हणजे एका बारमध्ये एकाच लांबीचे तुकडे. मोठ्यांसाठी 20, मधल्यांसाठी 20 आणि लहानांसाठी 16, असे 56 बार लागतात. त्याहून बरी पद्धत बहुतेक ठिकाणी हाताने वापरतात: लांब तुकडा आधी घ्यायचा आणि जिथे बसेल त्या पहिल्या बारमध्ये टाकायचा. तिने 52 बार लागतात. कारण मोठे संपल्यावर ती मधले तीन-तीन करून भरते आणि तिथे प्रत्येक बारमागे 648 मिमी जातात. खरे सर्वोत्तम उत्तर 50 आहे.

50 पर्यंत पोहोचण्याची पद्धत 1961 मध्ये आयबीएममधल्या गिलमोर आणि गोमोरी यांनी मांडली. तिला कॉलम जनरेशन म्हणतात. नाव अवघड वाटले तरी आतली गोष्ट हिशेबनीसाला सहज पटेल अशी आहे. सुरुवात 56 बारच्या भाबड्या योजनेने करायची. त्या योजनेत मोठ्या तुकड्याची किंमत अर्धा बार, मधल्याची एक-तृतीयांश आणि लहानाची एक-पंचमांश. आता विचारायचे, या किमतींनी एका बारमधून जास्तीत जास्त किती किमतीचा माल निघेल? दोन मोठे-एक लहान या पॅटर्नचे मूल्य 1.2 भरते. एका बारमधून सव्वाच्या जवळपास मूल्य निघत असेल तर हा पॅटर्न योजनेत हवाच. तो घातला की गणित पुन्हा सोडवायचे. आकडा 52 वर येतो आणि किमती बदलतात. पुन्हा तोच प्रश्न विचारला की दोन मधले-दोन लहान हा पॅटर्न 1 च्या वर जातो. तो घातल्यावर आकडा 50 होतो. ज्या क्षणी एकही पॅटर्न 1 च्या वर जात नाही त्या क्षणी थांबायचे. इथे शेवटच्या किमती मोठा 0.4, मधला 0.3, लहान 0.2 अशा येतात. नगांना त्या किमतींनी गुणा: 16 अधिक 18 अधिक 16, म्हणजे 50. कोणी कितीही डोके लावले तरी 50 पेक्षा कमी बारमध्ये हे काम होणार नाही, याचा हा पुरावा.

या पद्धतीची गोम अशी की सगळे पॅटर्न कधीच लिहून काढावे लागत नाहीत. तीन लांबी असतील तर आठ पॅटर्न निघतात, पण तीस-चाळीस लांबी आणि लांब बार असतील तर पॅटर्नची संख्या लाखांच्याही पुढे जाते. कॉलम जनरेशन त्यातले फक्त गरजेचे पॅटर्न शोधून आणते. प्रत्येक फेरीतला शोध म्हणजे ठरावीक जागेत जास्तीत जास्त किमतीचा माल भरण्याचे, नॅपसॅक नावाने ओळखले जाणारे, गणित. ते संगणक क्षणात सोडवतो.

जेनेटिक अल्गोरिदमबद्दलचा माझा आक्षेपही इथेच आहे. तोही कदाचित 50 वर पोहोचेल, पण 50 वर पोहोचलो हे त्याला कळणार नाही. तो रात्रभर चालू ठेवलात तरी सकाळी तुम्हाला सांगता येणार नाही की अजून एखादा बार वाचला असता का. सरळ लांबीच्या कटिंगसाठी तो चुकीचे हत्यार आहे. वरच्या किमतींच्या गणिताचे (त्याला लिनियर प्रोग्रॅमिंग म्हणतात) उत्तर अपूर्णांकात आले तर तीही मोठी अडचण नसते. ते वरच्या पूर्णांकाकडे नेले की जो आकडा येतो, त्यापेक्षा एकाहून जास्त बार लागतील असे या प्रकारच्या कटिंगचे एकही उदाहरण आजवर सापडलेले नाही.

आता मूळ मुद्दा. शेवटच्या किमतींनी आठही पॅटर्नचे मूल्य काढा. पाच पॅटर्न बरोबर 1 भरतात आणि तीन 0.9. म्हणजे पाच लहान हा 230 मिमी वाया घालवणारा पॅटर्न आणि एक मोठा-दोन मधले हा फक्त 78 मिमी वाया घालवणारा पॅटर्न, दोघांची किंमत सारखीच! शॉपवर हे सांगितले की कोणाचाच विश्वास बसत नाही, माझाही सुरुवातीला बसला नव्हता. पण एक जोडी मांडून पाहा. एक मोठा-दोन मधले आणि एक मोठा-तीन लहान, या दोन बारमधून दोन मोठे, दोन मधले, तीन लहान मिळतात आणि 78 अधिक 184, म्हणजे 262 मिमी उरतात. दोन मोठे-एक लहान आणि दोन मधले-दोन लहान, यातूनही नेमके तेच सात तुकडे मिळतात आणि 138 अधिक 124, पुन्हा 262. एका बारवर वाचवलेले दुसऱ्या बारवर गेले. म्हणून ज्या पॅटर्नमध्ये सगळ्यात कमी उरते तो आधी कापायचा, ही सवय घातक आहे. चांगले पॅटर्न आधी संपतात आणि आठवड्याच्या शेवटी न जुळणारे तुकडे हातात राहतात.

ही अदलाबदल शून्य ते वीस वेळा करता येते. म्हणजे फक्त या चार पॅटर्नमधूनच 50 बारच्या 21 वेगवेगळ्या योजना तयार होतात. भंगार सगळ्यांत सारखे, 2.4 टक्के, आणि तुकडेही सगळ्यांत नेमके मागणीइतकेच. दोन टोकांच्या योजना पाहू.

पहिलीत 20 बार दोन मोठे-एक लहान आणि 30 बार दोन मधले-दोन लहान. दोनच पॅटर्न, म्हणजे मध्ये एकदाच सेटिंग बदलायची. दुसऱ्या टोकाला 20 बार एक मोठा-दोन मधले, 20 बार एक मोठा-तीन लहान आणि 10 बार दोन मधले-दोन लहान. तीन पॅटर्न, दोन बदल. आता समजा 20 मोठे आणि 40 मधले तुकडे तातडीच्या ऑर्डरचे आहेत. दुसऱ्या योजनेत पहिल्या 20 बारमध्येच ते सगळे निघतात. पहिल्या योजनेत त्यासाठी 10 बार एका पॅटर्नचे आणि 20 बार दुसऱ्याचे, असे 30 बार कापावे लागतात. पण तातडी फक्त 40 मोठ्यांचीच असती तर चित्र उलटे झाले असते: पहिल्या योजनेत ते 20 बारमध्ये संपतात, दुसरीत 40 बार लागतात. भंगाराचा आकडा यातले काहीच सांगत नाही. तुमचा प्रोग्रॅम या 21 पैकी हाताला लागेल ती योजना उचलतो आणि तुमच्या तारखा त्याच्या हाती जातात.

आणखी एक गोष्ट पाहा. बारची टोके वाकडी आली आणि दोन्हीकडून 50-50 मिमी छाटावी लागली, तर ज्या पॅटर्नमध्ये फक्त 78 मिमी उरतात तो बसतच नाही. पहिल्या योजनेतले दोन्ही पॅटर्न मात्र तसेच राहतात, कारण त्यांच्यात 124 आणि 138 मिमीची मोकळीक आहे. माल खात्रीचा नसेल तर मी नेहमी अशी मोकळीक असलेली योजना घेतो. मिलिमीटरला चिकटून बसवलेली योजना पहिल्याच वाकड्या बारला कोसळते, आणि मग ऑपरेटर पुढचे सगळे अंदाजाने कापतो.

ऑपरेटरच्या विरोधाबद्दल. एका कारखान्यात आमची योजना कागदावर सुंदर होती आणि शॉपवर कोणी ती पाळत नव्हते. मी दोन शिफ्ट मशीनशेजारी उभा राहिलो तेव्हा कळले. मशीनजवळ चारच ट्रॉल्या मावत होत्या. एका लांबीचे सगळे तुकडे पूर्ण झाल्याशिवाय तिची ट्रॉली पुढे जात नव्हती, आणि आमच्या योजनेत एका वेळी सहा-सात लांबी अर्धवट राहत होत्या. माणसे तुकडे जमिनीवर रचायची, मग शोधायची, मग चुकीचा तुकडा वेल्डिंगला जायचा. ऑपरेटरने स्वतःच्या मनाने क्रम बदलला होता आणि त्याचे बरोबर होते. आम्ही पॅटर्न तेच ठेवले, फक्त कापायचा क्रम असा लावला की एकाच वेळी चारपेक्षा जास्त लांबी उघड्या राहणार नाहीत. पॅटर्न थोडे असतील तर यासाठी कोणतीही विशेष पद्धत लागत नाही. आठ पॅटर्नचे सगळे क्रम 40,320 होतात. संगणक ते सगळे तपासून पाहू शकतो. पॅटर्न वाढले की मात्र हा प्रश्न कठीण होतो आणि जवळपासच्या उत्तरावर समाधान मानावे लागते.

मग प्रत्यक्षात करायचे काय? मी दोन टप्प्यांत काम करतो.

पहिल्या टप्प्यात कॉलम जनरेशनने कमीत कमी बारचा आकडा आणि शेवटच्या किमती काढायच्या. नंतर त्या किमतींनी ज्यांचे मूल्य 1 किंवा 1 च्या जवळ आहे ते सगळे पॅटर्न एका साठ्यात जमा करायचे. नुकसान किती होईल तेही यातून आधीच कळते. आपल्या उदाहरणात 0.9 चा पॅटर्न एकदा वापरला की बारचा दहावा हिस्सा जातो. दहा वेळा वापरला की एक बार जास्त. तारीख सांभाळण्यासाठी एवढी किंमत मोजायची का, हा प्रश्न मग सुपरवायझरला आणि मालकाला कळेल अशा भाषेत विचारता येतो.

दुसऱ्या टप्प्यात या साठ्यातला कोणता पॅटर्न कोणत्या दिवशी किती वेळा कापायचा हे ठरवायचे. अटी मोजक्या. प्रत्येक लांबीसाठी, प्रत्येक दिवसाअखेर, तोपर्यंत कापलेले एकूण नग हे तोपर्यंत द्यायच्या एकूण नगांइतके तरी हवेत. कमी पडले तर तेवढा उशीर नोंदवायचा. ही बेरजेची अट नीट लिहिली की अर्धे काम झाले. रोजच्या कापण्याच्या आणि सेटिंगच्या मिनिटांची बेरीज शिफ्टच्या बाहेर जाता कामा नये. आणि एकूण बार 50 किंवा फार तर 51. या चौकटीत आधी उशीर कमी करायचा, मग सेटिंग. भंगार, उशीर आणि सेटिंग यांना वजने देऊन एकाच बेरजेत कोंबू नका असे मी आग्रहाने सांगतो. ती वजने कोणालाच पटवून देता येत नाहीत, आणि एक वजन हलवले की सगळी योजना उलटीपालटी होते. बारची मर्यादा ठरवून पुढे जाणे समजायलाही सोपे आणि भांडण झाले तर समजवायलाही सोपे.

पुढे वेल्डिंग, ड्रिलिंग, पेंटिंग अशी मशीने असतील तर आधी खोळंबा कुठे होतो ते पाहा. कटिंगनंतर माल दोन दिवस वेल्डिंगपुढे पडून राहत असेल, तर कटिंगचा क्रम वेल्डिंगच्या सोयीने लावायचा आणि कटिंग मशीन अधूनमधून रिकामे राहिले तरी चालवून घ्यायचे. एकच मशीन असेल तर साधे नियम फार पुढे नेतात. सर्वांत मोठा उशीर कमी करायचा असेल तर ज्याची तारीख आधी ते काम आधी. हे जॅक्सनने 1955 मध्ये सिद्ध केले. सगळी कामे उपलब्ध आहेत आणि सेटिंगचा वेळ क्रमावर अवलंबून नाही, एवढी अट मात्र पाळली गेली पाहिजे. प्रत्येक काम आधी एका मशीनवर आणि मग दुसऱ्यावर जात असेल तर सगळे काम लवकर संपवण्याचा नेमका क्रम जॉन्सनच्या 1954 च्या नियमाने हाताने काढता येतो. आधी पहिल्या मशीनवर कमी वेळ घेणारी कामे चढत्या क्रमाने, शेवटी दुसऱ्या मशीनवर कमी वेळ घेणारी कामे उतरत्या क्रमाने.

मशीने वाढली आणि प्रत्येक कामाचा मार्ग वेगळा झाला की गणित एकदम खडतर होते. 1963 मध्ये फिशर आणि थॉम्पसन यांनी दहा कामे आणि दहा मशीने असा एक नमुना प्रसिद्ध केला. त्याचे सर्वोत्तम उत्तर 930 आहे हे कार्लिए आणि पिन्सन यांनी 1989 मध्ये सिद्ध केले. फक्त शंभर ऑपरेशनसाठी पाव शतकाहून जास्त काळ गेला. आज तोच नमुना चांगला कन्स्ट्रेंट सॉल्व्हर (दिलेल्या अटी पाळणारे उत्तर शोधणारा प्रोग्रॅम) साध्या संगणकावर काही सेकंदांत सोडवतो. म्हणून जुन्या पुस्तकातला अशक्यतेचा शेरा वाचून हात टेकू नका. पण तुमच्या शॉपवर दोनशे कामे असतील तर सर्वोत्तम उत्तराचा हट्टही धरू नका. एक बरे वेळापत्रक घ्या, त्यातला एखादा दिवस किंवा एखादे मशीन मोकळे करा, बाकी सगळे जागच्या जागी ठेवून तेवढाच भाग सॉल्व्हरकडून पुन्हा सोडवून घ्या, आणि हे फिरून फिरून करा. माझ्या हातून सर्वांत भरवशाची उत्तरे या पद्धतीने आली आहेत.

जेनेटिक अल्गोरिदम, टॅबू सर्च, सिम्युलेटेड अॅनिलिंग यांची खरी जागा वेगळी आहे. चामडे, कापड किंवा पत्र्यातून वेडेवाकडे आकार काढायचे असतील, तर तिथे अशाच शोधपद्धती उपयोगी पडतात. काचेसारख्या मालात काप एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ जावा लागतो. तिथे वरची पॅटर्नची कल्पना टप्प्याटप्प्याने लावता येते: आधी पट्ट्या, मग पट्टीतले तुकडे.

उरलेल्या तुकड्यांचे काय, हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगतो. ते परत साठ्यात घ्यायची परवानगी दिली की प्रोग्रॅम आनंदाने शेकडो तुकडे साठवतो, भंगार कागदावर शून्याकडे जाते आणि रॅक भरून वाहतात. किमान लांबी ठरवा. नेहमी लागणाऱ्या सर्वांत लहान तुकड्यापेक्षा कमी असेल ते सरळ भंगारात. आणि त्याहून मोठा उरलेला तुकडा ठेवायचाच असेल तर त्यावर लांबी लिहून त्याच दिवशी नोंद करा. नोंद नसलेला तुकडा नसल्यातच जमा.

सॉफ्टवेअरसाठी सुरुवातीला खर्च करायची गरज नाही. हाय्ज (HiGHS) आणि सीबीसी (CBC) हे सॉल्व्हर मोफत आहेत, आणि वेळापत्रकासाठी गुगलच्या ओआर-टूल्स या संचातला सीपी-सॅट (CP-SAT) उत्तम आहे, तोही मोफत. पायथनमधून तिन्ही वापरता येतात. तुमच्या सहकाऱ्याने जेनेटिक अल्गोरिदम लिहिला आहे, तेव्हा त्याला हे जड जाणार नाही.

त्याआधी एक आठवडा मोजमापाला द्या. करवतीचा काप खरोखर किती आहे, ब्लेड बदलल्यावर तो किती होतो, बार खरोखर 6000 मिमीचे येतात की काही मिमी जास्त-कमी, सेटिंग बदलायला घड्याळ लावून किती मिनिटे जातात, हे लिहून काढा. मग मागच्या महिन्यातला एक आठवडा निवडा, त्याच ऑर्डर आणि त्याच तारखा घेऊन दोन टप्प्यांची योजना काढा आणि तुमच्या ऑपरेटरसमोर ठेवा. त्याने जिथे बोट ठेवले ती अट मॉडेलमध्ये घाला आणि पुन्हा चालवा. माझ्या अनुभवात तीन-चार फेऱ्यांत तो योजना वाचून मान डोलावतो. त्यानंतरच ती चालू आठवड्यावर लावा, पहिले दोन दिवस गोठवून: म्हणजे रोज योजना नव्याने काढायची, पण आज आणि उद्याच्या कापणीला हात लावायचा नाही, कारण त्या बारवर खुणा झालेल्या असतात.